सो म्हणजे सोडलं

सोमवार, ३ मार्च
खाद्यघर, दुपारची सुट्टी

दादा,

'बऱ्याच दिवसांत पत्र नाही, काळजी वाटते' असली सुरुवात माझ्याकडून होणार नाही. मला काळजी वाटत नाही. मला राग आलाय. चार दिवस झाले तरी तो उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. समोर गाजरांची पाटी आहे आणि हातातली सुरी बाजूला ठेवली आहे, एवढं तुझ्या माहितीसाठी.

तुझं पुस्तक वाचलं. तू पाठवलं नव्हतंस. आमच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांचे नवे डॉक्टर आलेत, त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुमचं आणि या लेखकाचं आडनाव एकच. नात्यातले का?"

मी म्हटलं, "असतील कोणीतरी."

माणूस मुळात कसा असतो हे तू तीनशे पानांत सांगितलंस. पान बारावर लिहिलंस, माणूस दुसऱ्याला देतो ते चारच कारणांनी: रक्ताचं नातं, परतफेडीची आशा, दिखावा, नाहीतर भीती. पुढे म्हणतोस, "पाचवं कारण मी आयुष्यभर शोधलं, मला सापडलं नाही." तुला घरात स्वतःचे मोजेही कधी सापडले नाहीत, दादा.

सहाव्या प्रकरणात माझी माकडं आहेत. माझी म्हणते, कारण अकरा महिने रोज सकाळी आठ ते अकरा त्या पिंजऱ्यासमोर लोखंडी स्टुलावर मी बसले. तुझ्या पदवीसाठी, तू आखून दिलेल्या वह्या मांडीवर घेऊन, पाऊस असला तर छत्रीचा दांडा मानेत धरून. तू सगळ्या मिळून सहा वेळा आलास. त्यातल्या दोनदा वास सहन होत नाही म्हणून फाटकातूनच परत फिरलास. आणि एवढं करून पुस्तकात मी कुठे आहे? तळटीप एकोणचाळीस: "नोंदी एका पिंजरा-कर्मचाऱ्याने केल्या." बहीण नाही ते नाहीच, बाईसुद्धा नाही. तू मला पुरुष करून टाकलंस रे!

पण तेही मी गिळलं असतं. अंगाचा तिळपापड झाला तो तिसऱ्या प्रकरणाने. 'सोडणारी आई.' चार वेळा वाचलं, पाठ झालं: "माझ्या आईने शेवटच्या आजारात मला निरोप पाठवला की तिने मला सोडलं आहे. मला वाईट वाटलं नाही. दूर गेलेल्या, उपयोगाच्या न उरलेल्या पिल्लावर कुठलीच आई आपली शक्ती वाया घालवत नाही. ममता ही निसर्गात नेहमी अटींवर असते."

अटींवर! तुझ्या परीक्षेच्या दिवसांत आवाज नको म्हणून तिने शिवणयंत्र बंद ठेवलं होतं. तीन आठवडे शाळेचे गणवेश हाताने शिवले. बोटांना चिंध्या बांधून. कुठल्या अटीवर शिवले, लिही की एकदा. आणि ती आता उत्तर द्यायला नाही हे बघूनच तिच्यावर प्रकरण लिहिलंस.

हा निरोप तुला कोणी दिला ते मात्र लिहिलं नाहीस. बरं केलंस.

नवी आवृत्ती निघते आहे, असं डॉक्टर म्हणाले. तिसरं प्रकरण काढ. ते पुन्हा छापलेलं दिसलं तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
पिंजरा-कर्मचारी


रविवार, ९ मार्च
घर

दादा,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ठीक. दुसरं घे.

गुरुवारी तुझी चष्मेवाली आली होती. पुस्तकात जिला तू 'भाबड्या मताच्या एक विदुषी' म्हणतोस ती. एक चष्मा नाकावर, दुसरा दोरीने गळ्यात, आणि दोन्ही वेळा चुकीचाच लावते. मी पिंजऱ्याचा बाहेरचा दरवाजा लावून घेत होते. रबरी बूट, हातात फिनाईलची बादली. तिने बादलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या नोंदी तुम्ही केल्यात ना?"

"कोणी सांगितलं?"

"तळटिपेत कर्मचारी म्हटलंय. इथल्या हजेरीपटावर त्या वर्षी माकडांकडे एकच नाव आहे."

खोटं कशाला बोलू, मला ती तिथेच आवडली. तुझ्या पुस्तकाची एवढी हजारो माणसं वाचक, एकानेही उठून हजेरीपट बघितला नव्हता. तिला मी खाद्यघरात बसवलं, चहा दिला. तिने तिचं म्हणणं सांगितलं. माणसाचं पोर एकट्या आईच्याने वाढत नाही. लाखो वर्षं ते दहा हातांनी वाढवलं. ज्याला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येत नव्हतं त्याच्या हातात कोणी पोर दिलं नसतं. म्हणून समजून घेणं, सांभाळणं, वाटून खाणं हे आपल्या हाडातच आहे.

मी तिला माझा उजवा अंगठा दाखवला. पेरावर टाक्यांची रांग आहे. "बाई, हाडात चावणंपण आहे."

ती हसली. "आहेच. म्हणून तर मला मूळ वह्या बघायच्यात."

तर असे तुम्ही दोघं. तू म्हणतोस माणूस मुळात हिशेबी, ती म्हणते मुळात मायाळू. भांडता मात्र दोघंही पिंजऱ्याच्या बाहेर उभे राहून. झाडायला आत मीच जाते.

मग तिने तुझं पुस्तक उघडून विचारलं, "हे 'सो' काय आहे? चारशे अकरा वेळा आलंय. लेखक म्हणतात, पोट भरल्यावर अन्न टाकून दिलं."

मी आधी मोठ्याने हसले. मग हसू थांबलं. मग पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि ते पान वाचलं. पहिल्या खेपेला माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं, आईच्या प्रकरणाने डोकं फिरलं होतं. "पोट भरल्यावर नकोसा झालेला घाससुद्धा चारशे अकरा वेळांपैकी एकदाही कोणी दुसऱ्याच्या हातात ठेवला नाही. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?"

दादा, ऐक. वहीच्या पहिल्या पानावर खुणांची यादी तूच लिहिलीस. ख म्हणजे खाल्लं, हि म्हणजे हिसकावलं, उ म्हणजे उवा काढल्या, दे म्हणजे दिलं. आणि मला दम भरलास, "हातात दिलं तरच 'दे' लिहायचं. हातात नाही, तर देणं नाही. आणि समासात गोष्टी लिहू नकोस, तू कादंबरी लिहीत नाहीयेस." मग दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "टकल्या लंगडीसाठी सोडतो, ते काय लिहू?" तू फाटकात उभा, नाकावर रुमाल. म्हणालास, "सो लिही. सो म्हणजे सोडलं." आणि निघून गेलास. रुमालातून तुला 'लंगडीसाठी' ऐकूच गेलं नसणार.

टकल्या म्हणजे तो मोठा नर, लंगडी म्हणजे ती म्हातारी मादी. मागचा पाय वाकडा. तिला वरच्या फळीवर चढता यायचं नाही. वर केळी, अंडी, सगळी झोंबाझोंबी व्हायची, आणि मग टकल्या एक तुकडा खालच्या फळीवर ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायचा. ती खुरडत येईपर्यंत बसायचा. मध्येच दुसरं कोणी आलं तर दात दाखवायचा. दोन तरण्या माद्याही करायला लागल्या, त्याचं बघून असेल. हे सो. आणि लंगडी येऊन खाऊन गेली की मी सो पुढे एक टिंब द्यायचे. तुला ते पेनाचे डाग वाटले का? पदवीनंतर तू घरीच टाकून गेलेल्या वह्या काल कपाटातून काढून मोजले. चारशे अकरा सो, त्यातल्या तीनशे साठांपुढे टिंब. लंगडी टकल्याची आई नव्हती, बहीण नव्हती, ती दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आली होती. परत काही द्यायची तिची ताकद नव्हती. बसव आता चार कारणांत.

आणि मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? इतर घरांत म्हणतात, "तुझ्यासाठी ठेवलंय." आपल्या घरात म्हणायचे, "सोडलंय." लहानपणी खेळून उशिरा आलास की दारातूनच ओरडायचास, "मला सोडलं का काही?" जगात दुसरं कोणी चुकलं असतं तर मी समजू शकले असते. तू चुकलास!

चष्मेवाली मंगळवारी, पंचवीसला, परत येणार आहे. त्याच्या आत तू छापखान्याला कळवलंस की सहावं प्रकरण चुकलं आणि तिसरं काढायचंय, तर वह्या कपाटातून हलणार नाहीत. नाहीतर मी त्या तिच्या हातात देईन. हातात दिलं तरच देणं, नाही का?

मी


सोमवार, १७ मार्च
खाद्यघर

सात ओळी. मी तुला सहा पानं लिहिली आणि तू सात ओळी पाठवल्यास, त्याही टाइप केलेल्या. इथे उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला दिसेल.

"तुझी पत्रं मिळाली. आवृत्ती छपाईला गेली आहे. नोंदींचा अर्थ वीस वर्षांनी आठवणीतून बदलता येत नाही. टिंबांचा उल्लेख खुणांच्या यादीत नाही. 'सो म्हणजे सोडलं' एवढंच आहे आणि शब्द स्पष्ट आहे. आईनेही तोच वापरला होता आणि तो मला नीट समजला होता. वह्या रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठव."

बाबा गेले तेव्हाही तू असंच पत्र लिहिलं होतंस. आला नाहीस आणि वर दोन पानं लिहून कळवलंस की शोक हा कळपात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये उरलेला एक जुना झटका आहे, तो साधारण सहा महिन्यांत ओसरतो, आईला सांग. मी मूर्ख, मी तिला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेतलं, चार तुकडे केले, कातरणीच्या डब्यात टाकले, आणि म्हणाली, "याच्याशी मी बोलणार नाही." दोन वर्षं बोलली नाही. त्याचं प्रकरण नाही लिहिलंस? 'मुलाच्या पत्राचे आईवर होणारे परिणाम'?

शब्द स्पष्ट आहे म्हणे. आईनेही तोच वापरला म्हणे.

आई आजारी असताना फोनवर आपलं काय बोलणं झालं ते मला आता नीट आठवत नाही. चार वर्षं झाली. तेव्हा घरात माझी तारांबळ होती, तिला उठवायचं, बसवायचं, पुसायचं. कोण काय बोललं आणि कोणाला काय ऐकू आलं, कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

हेडकीपर हाका मारतायत. वह्या रजिस्टरने येणार नाहीत. वाट बघू नकोस.


सोमवार, २४ मार्च
घर, दुपार

दादा,

मला नीट आठवतं.

आठवडाभर तुझी ती ओळ डोक्यातून जात नाही. परवा खाद्यघरात टोपलीभर सफरचंदं चिरायची होती. डॉक्टर म्हणाले, "आज हात चालत नाही का तुमचा?" मी त्यांच्यावर खेकसले. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. आज रजा टाकली आहे. हे पत्र लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवलंय.

झटका आल्यावर आईची उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. तीनचार उरले होते. पाणी. नको. माझं लाडाचं नाव. आणि शेवटच्या दिवसांत आणखी एक परत आला. दुपारी चारला मी तिला सफरचंद चिरून द्यायचे, बारीक फोडी. ती अर्ध्या खायची आणि बशी डाव्या हाताने सरकवायची. खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीकडे. आणि म्हणायची, "सोडलं." पहिल्या दिवशी मला वाटलं, नको झालं. काळं पडेल म्हणून मी एक फोड तोंडात टाकली. तिने माझ्या मनगटावर फाडकन मारलं. तेवढी ताकद त्या हातात होती हे मला माहीत नव्हतं. दात दाखवले नाहीत, एवढंच.

तेव्हा मला कळलं की नाही? अकरा महिने ज्या बाईने हेच टिपलं, तिला कळायला किती वेळ लागेल? त्याच क्षणी कळलं. दोन वर्षांचा अबोला तिने सोडला होता आणि तुझ्यासाठी सफरचंद सोडलं होतं. एकाच शब्दात दोन्ही. तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला. तू म्हणालास, "मी यायला हवं का? इथे परिषद आहे." यायला हवं का! पाठीत माझ्या उसण भरली होती, सकाळपासून तिसरी चादर धूत होते. दोन वर्षांत तू मला एकदाही विचारलं नव्हतंस की तू कशी आहेस. आणि ती मात्र रोज बशी तुझ्याकडे सरकवत होती. मी समोर असताना. माझ्यासाठी एकदाही नाही.

तू विचारलंस, "आई काही म्हणते का?"

मी म्हटलं, "म्हणते. सोडलं म्हणते."

तू विचारलंस, "मला?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. तू "ठीक आहे" म्हणालास आणि फोन ठेवलास. तू आपला अर्थ लावलास असं मला सांगता येणार नाही. तू मला विचारलं होतंस. तिने अजून नऊ दिवस काढले. नऊ दिवसांत मला नऊ वेळा फोन करता आला असता. मी केला नाही. बशीतल्या फोडी मी दुसऱ्या दिवशी कामावर नेऊन माकडांना घालत होते.

म्हणजे तुझं तिसरं प्रकरण माझं आहे. ममता अटींवर असते हे तुला निसर्गाने शिकवलं नाही, मी शिकवलं, एका शब्दात, ओली चादर खांद्यावर टाकून. तळटीप तिथे हवी होती. आणि माणूस मुळात नीच असतो याला पुरावा हवा असेल तर वह्या चाळू नकोस, मला छाप. चष्मेवालीलाही मी सोयीची नाही. बहीण, एकाच घरात वाढलेली, दुसऱ्याच्या मनातलं लख्ख ओळखणारी, आणि ओळखलं म्हणूनच बरोबर वर्मावर बोट ठेवणारी. समजून घेता येतं म्हणून माणूस चांगला होतो, असं काही नाही. टकल्याने असलं कधी केलं नाही. त्याने हिसकावलं, चावलं, पण लंगडीसाठी ठेवलेला तुकडा तुझ्यासाठी नाही असं त्याने तिला कधी सांगितलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. लिहीत नाही, कारण राग गेलेला नाही. तू "आईला फोन दे" का म्हणाला नाहीस? तिला बोलता येत नव्हतं, श्वास तरी ऐकला असतास. आयुष्यभर लोकांना सांगत आलास की एका साक्षीवर विश्वास ठेवू नका, शंभर वेळा मोजा. आणि आईबद्दल तुला एका माणसाचा एक 'हो' पुरला. इतका सोयीचा होता का तो? गाडी पकडून आला असतास तर मी खोटी पडले असते. मी खोटी पडावी म्हणून तरी यायचं होतंस.

आता वह्यांचं. चष्मेवाली उद्या येते आहे. तिच्यासाठी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, त्या तिला मिळणार. तू रागावलास तरी मिळणार. तिला फोनवर एकच अट घातली आहे: हि, म्हणजे हिसकावलं, एकोणीसशे वेळा आहे, तो मोजल्याशिवाय सो मोजायचा नाही. "कबूल," म्हणाली, "पण मला वाईट वाटेल." म्हटलं, "वाटू दे."

अस्सल वह्या या पत्राबरोबर तुला पाठवते आहे. टिंबांना लाल पेनाने गोल केले आहेत. खुणांच्या यादीत, तुझ्या अक्षराखाली, माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: "टिंब म्हणजे ज्याच्यासाठी सोडलं, तो आला." छापखान्याला काय कळवायचं ते तू बघ.

शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर खाली एक रकाना रिकामा होता. आज तो भरला. तू आखून दिल्याप्रमाणे, समासात गोष्ट न लिहिता.

वेळ: दुपारी चार.
कोण: आई.
काय: सो.
कोणाला: दादा.

पुढे टिंब दिलेलं नाही. तू आला नाहीस, आणि मी तुला येऊ दिलं नाही.

तुझी धाकटी